लाइट जायची वाट बघणारे मालक

आमचे घरमालक दुसऱ्याच्या घरी जाऊन लाइट जायची वाट बघत बसायचे. गेलेली लाइट दुरुस्त करणारे पुष्कळ असतात. हे चालू लाइटीखाली स्टूल टाकून, मान वर करून बसायचे आणि ती जात नाही म्हणून वैतागायचे.

बजाजनगरात त्यांचं घर. वर ते एकटे, खाली आम्ही भाडेकरू. प्रत्येकाला एक पुढची खोली, मागं स्वयंपाकघर आणि मोरी. मालक कंपनीत मेंटेनन्सला होते. रिटायर झाल्यावर तेच काम त्यांनी घरात चालू ठेवलं. बाहेरच्या वायरमनला ते फाटकाच्या आत घेत नसत. घरातली प्रत्येक वायर त्यांनी स्वतः टाकली होती आणि तिला परक्याचा हात लागू नये, असं त्यांचं म्हणणं होतं. बायको वारलेली, मुलगा पुण्याला. मी नवरा गेल्यावर मुलासोबत तिथं राहायला गेले, तेव्हा मला वाटलं, एकटा माणूस आहे, बोलायला कुणी नाही म्हणून लाइटीचं निमित्त करून घरोघर बसतो. तसं काही नव्हतं. बोलणं त्यांना आवडतच नव्हतं. आपण तोंड उघडलं की ते हात वर करायचे. डोळे ट्यूबवर.

कायमची बंद पडलेली लाइट त्यांना किरकोळ वाटायची. अशा कामाला ते उभ्या उभ्या यायचे आणि न बोलता करून जायचे. पण लाइट येते-जाते म्हटलं की त्यांच्या अंगात यायचं.

"गेलेली लाइट कुणीबी शोधंल," ते म्हणायचे. "येती-जाती ती खरी बेरकी. ती माणूस बघून वागती. आपण आलो की शहाण्यावानी जळती, आपण गेलो की हिचं सुरू."

त्यांची रीत ठरलेली होती. पक्कड, स्क्रू ड्रायव्हर बाहेर काढायच्या आधी विचारायचं, लाइट गेली तेव्हा तुम्ही काय करत होता. "काही नाही" हे उत्तर त्यांना चालत नसे. जिवंत माणूस काहीच करत नाही असं होत नाही, म्हणायचे. निदान उठला असेल, बसला असेल, कडी लावली असेल.

एकदा माझ्या मोरीतला बल्ब लुकलुकायला लागला. मालक आले आणि विचारलं, काय करत होतात. मी म्हटलं, मोरीत माणूस काय करतं? ते लाजले नाहीत. म्हणाले, आंघोळ सोडून बाकी सगळं परत करून दाखवा. मी बादली भरली, ओतली, लुगडं आपटलं. बल्ब ढिम्म. मग दार लावायला सांगितलं. हळू लावलं, काही नाही. जोरात आपटलं, तर बल्ब विझून परत लागला. मालकांचा चेहरा असा झाला, जणू पोराला गुळाचा खडा दिला. "अजून," म्हणाले. मी दार आपटत राहिले. म्हातारीचं कुणाशी वाजलं ते बघायला बायका बाहेर आल्या. शेवटी निघालं काय, तर होल्डरमधली पत्ती सैल होती, दार आपटलं की भिंत हादरायची आणि पत्ती सुटायची.

मी म्हटलं, आल्या आल्या होल्डरच बदलला असता तर माझं दार वाचलं असतं.

"अन् होल्डर चांगला असता, वायर सैल असती तर? कारण न बघता बदललं की कारण तिथंच बसून राहतं, आक्का."

मला आक्का म्हणायचे. मी त्यांच्यापेक्षा मोठी की लहान, हे ना त्यांना ठाऊक होतं ना मला.

बोर्डाला थापड मारलेली त्यांना सोसत नसे. लाइट गेली की आपल्याकडं सगळे आधी थापड मारतात आणि पुष्कळदा लाइट लागतेही. मालकांना वरच्या मजल्यावर तो आवाज ऐकू जायचा. ते जिना उतरून यायचे आणि दारात उभे राहून विचारायचे, कुणी मारलं? आपण कुणाचं लेकरू बडवल्यासारखं वाटायचं.

शर्टाच्या खिशात टेस्टर कायम. लग्नाला जातानाही. माझ्या नातीच्या लग्नात सगळे नवरा-नवरीकडं बघत होते आणि मालक अक्षता मुठीत धरून मंडपाच्या लाइटांच्या माळा बघत होते. मंगलाष्टका संपल्या, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, यांच्या अक्षता मुठीतच. मला कानात म्हणाले, नवरीच्या डोक्यावरची माळ कमी-जास्त व्हायलीय. नात कशी दिसत होती विचारलं असतं तर त्यांना सांगता आलं नसतं.

ते वारले त्या दिवशी त्यांना खालच्या खोलीत ठेवलं होतं. गल्लीतली माणसं बसली होती, त्रिसरण चालू होतं, आणि वरची ट्यूब लुकलुकायला लागली. दाराजवळच्या एकानं सवयीनं बोर्डाकडं हात नेला आणि तसाच खाली घेतला. वंदना संपेपर्यंत ट्यूब लुकलुकत राहिली. कुणी तिला हात लावला नाही. मी रडले नाही. मला रडू पटकन येत नाही. पण त्या माणसानं हात खाली घेतला ते मला बरं वाटलं.

आता समोरच्या खोलीतल्या सुनेचं सांगते, म्हणजे मालक कसे होते ते नीट कळेल.

समोरच्या खोलीत फुलंब्रीकडची शेतकरी माणसं राहायची, आई आणि मुलगा. मुलगा कंपनीत होता. त्याचं लग्न झालं आणि अश्विनी आली. तीही पॅकिंगला जायला लागली. पोरगी कमी बोलणारी, कामाला वाघ. ती आली आणि थोड्याच दिवसांत त्यांच्या पुढच्या खोलीची ट्यूब जायला लागली. रोज नाही. पण जायची तेव्हा अश्विनी संध्याकाळी कामावरून घरात आल्यावरच जायची. खोलीला खिडकी नाही, त्यामुळं ट्यूब दिवसाही लागते. सगळे चाचपडत बसायचे. अश्विनी डबा घेऊन मागं घासायला गेली की लाइट आपोआप यायची.

सासूनं आधी हसण्यावारी नेलं. मग गावाकडं त्यांची म्हैस गाभडली, पोटातलं रेडकू गेलं, मुलाचा ओव्हरटाइम बंद झाला. बाईनं ते सगळं एका गाठोड्यात बांधलं. एक दिवस माझ्याजवळ पायरीवर येऊन बसली.

"मावशी, ही उंबऱ्याच्या आत आली की उजेड जातो. मागं सरली की येतो. ह्याच्यापरीस पायगुण अजून कसा दिसायचा?"

मी म्हटलं, ट्यूब बदल. म्हणाली, बदलली. मी म्हटलं, मालकांना सांग. तर म्हणाली, त्यांना काय सांगायचं, खोट लाइटीत असंल तर सांगू. ती सांगणार नाही हे दिसलं, म्हणून मी वर गेले. मालकांच्या खोलीत बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो. तिथं उभं राहून पायगुण हा शब्द उच्चारायला मलाच जड गेलं. मालकांनी स्टूल उचललं आणि खाली उतरले.

आणि तिथं त्यांची रीत त्यांच्यावरच उलटली. रोज संध्याकाळी ते त्या खोलीत जाऊन ट्यूबखाली बसायचे. अश्विनी यायची, पायरीवर चपला काढायची, आत जायची. ट्यूब लख्ख. काही दिवस गेले. लाइट एकदाही गेली नाही. सासूला पाहिजे ते मिळालं. ती गल्लीत म्हणाली, मालक बसले की जात नाही, म्हणजे वायरीत काही नाही. जे आहे ते माणसात आहे.

मालकांनी बोर्ड खोलून बघितला. घरातल्या प्रत्येकाला विचारलं. भिंतीत कुठं खिळा मारलाय का, हेही विचारलं. खिळ्याचं त्यांचं भारी कडक होतं. प्रत्येक खोलीत त्यांनी स्वतः खुंट्यांची लाकडी पट्टी बसवून दिली होती, काय अडकवायचं ते तिलाच. माझ्या भिंतीत वायरी आहेत, खिळा दिसला की खोली खाली करायची, हे ते राहायला येणाऱ्याला पहिल्या दिवशी सांगायचे. सासू म्हणाली, "नाय बाबा. तुमच्या भिंतीला कोण हात लावतं?" मालकांनी मानलं. शेवटी छतातला एक जॉइंट त्यांना सैल वाटला. तो त्यांनी नवा केला आणि छातीवर हात ठेवून सांगितलं, आता जाणार नाही.

दिवाळीच्या तोंडावर कंपनीनं कामगारांना मिठाईचा मोठा डबा आणि स्टीलची भांडी दिली. अश्विनी ते सगळं आपल्या रोजच्या पिशवीत भरून हसत हसत घरी आली. मी माझ्या दारातून बघत होते. ती आत गेली आणि खोलीत अंधार झाला.

त्या रात्री सासूनं अश्विनीच्या बापाला फोन केला, रविवारी येऊन लेकीला घेऊन जा.

रविवारी दुपारी मला बोलावणं आलं. असल्या वेळी चार माणसांत एक म्हातारं माणूस लागतं, म्हणून. बाप पलंगाच्या अगदी कडेला बसला होता, टोपी गुडघ्यावर. नवरा भिंतीला टेकून मोबाइल उलटासुलटा करत होता. सासू वाईट काही बोलली नाही. तिनं चहा केला होता. दिवाळी तिकडं होऊ द्या, म्हणाली, थोडे दिवस राहू द्या, आम्ही बोलावू. बोलावणार नाहीत हे त्या खोलीत सगळ्यांना कळत होतं. बापालाही कळत होतं. तो नुसता मान हलवत होता.

मालकांना कुणी बोलावलं नव्हतं. ते आले आणि उंबऱ्याजवळ उभे राहिले. त्या दिवशी त्यांच्या हातात स्टूल नव्हतं. जॉइंटचं चुकल्यापासून ते त्या दारात आले नव्हते.

अश्विनी मागून आली. तिची रोजची कंपनीची पिशवी कपड्यांनी टच्च फुगली होती. खाली ठेवायला जागा नव्हती, सगळीकडं माणसांचे पाय. ती सवयीनं उघड्या दाराच्या फळीमागं गेली, पिशवी अडकवली आणि बाहेर येऊन उभी राहिली.

ट्यूब गेली.

"बघा," सासू व्याह्याला म्हणाली. "आता तुमच्या डोळ्यानं बघा."

बाप उठायला लागला.

"कुणी हलू नका," मालक म्हणाले. आवाज मोठा नव्हता, पण बाप परत बसला. मालक अश्विनीकडं वळले. "पोरी, आत्ता काय केलंस?"

"काय नाय."

एरवी या उत्तराला ते चिडले असते. त्या दिवशी हळू म्हणाले, "काय नाय असं नसतं, माय. दाराआड गेलीस ना? हातानं काय केलंस?"

"पिशवी अडकवली."

इतके दिवस संध्याकाळी मालक त्या खोलीत बसले, पण त्यांचे डोळे वर. दाराआड कोण काय करतं हे त्यांनी एकदाही बघितलं नव्हतं. आता त्यांनी दार ओढून घेतलं. दाराआडच्या भिंतीत, पट्टीपासून लांब, एक जाड खिळा होता आणि त्याला पिशवी लोंबत होती. मालकांनी पिशवीचा बंद धरून ती वर उचलली. ट्यूब लागली. सोडली, गेली. परत उचलली, लागली. ट्यूबची वायर नेमकी तिथून गेलेली. खिळ्यानं ती निम्मी तोडली होती, पिशवी जड असली की तुटकी टोकं एकमेकांपासून सुटायची. नुसत्या डब्याला काही होत नसे. येताना भाजी आणली, डाळ-तांदूळ आणले, की लाइट जायची, आणि ती पिशवी रिकामी करून डबा घासायला गेली की यायची. मालक बसायला लागले त्या दिवसांत सासूनं पायगुणाच्या धास्तीनं तिच्या हातचा बाजारच बंद केला होता.

हे सगळं मला मागाहून समजलं. तेव्हा मालकांनी फक्त पिशवी खाली ठेवली, खिशातला टेस्टर काढला आणि खिळ्याला लावला. टेस्टर लाल झाला. ते बाहेर गेले, मेन स्विच पाडला, परत आले. अंधारात दाराच्या फटीतून येईल तेवढाच उजेड.

"ह्या खिळ्यात करंट आहे," ते म्हणाले. "ही पोरगी रोज ह्याला हात लावायली होती."

मालकांनी तिला विचारलं, कधी काही जाणवलं का?

"ओला हात असला की बोटाला मुंग्या यायच्या."

"मग सांगितलं कामून नाय?"

अश्विनी सासूकडं न बघता बोलली. "आधीच लाइट माझ्यापायी जायली होती. अजून एक कुठं सांगू?"

बापानं टोपी डोक्यात घातली. नवऱ्यानं पहिल्यांदा तोंड उघडलं. म्हणाला, पट्टीवर जागा नव्हती म्हणून आईनं मला खिळा मारायला लावला. सासूला राग आला, मुलाचा की स्वतःचा, देव जाणे. "मालकांना खरं सांगितलं असतं तर खोली खाली करायला लावली असती," ती म्हणाली. "सांगून जायचं कुठं आम्ही?"

मालक पलंगावर व्याह्याच्या शेजारी बसले. मग मला म्हणाले, "आक्का, खिळा माझ्या धाकानं लपला."

मी म्हटलं, "व्हय." खोटा धीर द्यायची मला सवय नाही, आणि त्यांना तो चाललाही नसता.

बाप उभा राहिला आणि लेकीला म्हणाला, "चल पोरी. असल्या घरात राहायचं नाय." आता त्याच्या आवाजात जोर होता. अश्विनी पिशवीकडं बघत राहिली. सगळ्यांना वाटलं, ती उचलणार.

"आज नाय, आबा," ती म्हणाली. "उद्या माझी फर्स्ट शिफ्ट हाय."

सासू उठली. माफी तिनं मागितली नाही, तशी ती कधीच मागत नाही. तिनं पिशवी उचलली, मागं नेली आणि कपडे काढून कपाटात ठेवायला लागली. एकाही साडीची घडी धड नव्हती. अंधार होता म्हणून असेल.

दुसऱ्या दिवशी अश्विनी पाळीवरून परत आली तेव्हा मालकांनी दाराआडची भिंत फोडून वायर बदलली होती आणि ते जमिनीवर बसून सिमेंट कालवत होते. मी बघायला गेले होते. तिला बघून ते हात पुसत उठले.

"पोरी, तुझी पिशवी कुठं पाहिजे?"

सासूनं लगेच पट्टीकडं बोट केलं, मी माझी छत्री काढते, तिथं अडकवू दे म्हणाली. मालकांनी हात वर करून तिला गप्प केलं. ते तिला विचारत नव्हते.

अश्विनीनं चारी भिंतींकडं नीट बघून घेतलं. मग समोरच्या भिंतीकडं, दारातून आल्या आल्या जिथं नजर जाते तिथं, बोट दाखवलं. मालकांनी ती भिंत बोटाच्या पेरांनी वाजवली, वर बघितलं, खाली बघितलं. हितं वायर नाय, म्हणाले. आणि आपल्या हातानं तिथं खिळा ठोकला.

अश्विनीनं पिशवी अडकवून बघितली. तिला टाचा उचलाव्या लागल्या. ती खिळ्याकडं बघत राहिली आणि म्हणाली, "जरा खाली पाहिजे होता."

लग्न होऊन आल्यापासून तिनं त्या घरात काही पाहिजे म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. मालकांनी पक्कड लावून खिळा उपटला. त्याच्याबरोबर गिलाव्याचा हा एवढा पोपडा खाली पडला.

"मालक, भिंत खराब व्हायलीय," सासू म्हणाली.

"होऊ द्या," मालक म्हणाले, आणि अश्विनीला भिंतीला टेकून उभं करून त्यांनी तिच्या खांद्याजवळ पेन्सिलनं खूण केली.